चित्रस्वरूप, बँडविड्थ आणि लोकहित : अमेरिकी डिजिटल दूरचित्रवाणी मानकाची चिकित्सा

प्रस्तावना

दूरचित्रवाणीचा इतिहास बहुधा कार्यक्रमांचा, कलावंतांचा आणि जाहिरातींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. चित्र घरापर्यंत कोणत्या वाटेने येते, त्या वाटेची रुंदी किती आणि त्या रुंदीचा हिशेब कोण ठेवतो, हे प्रश्न अभियंत्यांचे मानून माध्यमसमीक्षेने ते बाजूला ठेवले आहेत. वस्तुतः हे प्रश्न केवळ तांत्रिक नाहीत. रेडिओ लहरींचा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, ही मर्यादित आणि सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर करण्याचा परवाना शासन देते आणि त्या बदल्यात प्रक्षेपकाने लोकहित सांभाळावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे चित्र किती रेषांचे असावे, त्याला किती बिट द्यावेत आणि उरलेल्या बिटांचे काय करावे, या निर्णयांना सामाजिक आणि आर्थिक परिणाम असतात.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील स्थलीय डिजिटल दूरचित्रवाणीचे मानक अभ्यासासाठी निवडले आहे. या मानकाची जडणघडण १९८७ ते १९९६ या काळात उघड चर्चेतून झाली. त्याची चित्रस्वरूपे तक्त्याच्या रूपाने नोंदली गेली आणि त्याच्या वापराचा पंचवीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आज उपलब्ध आहे. तुलनेसाठी ब्रिटनचा आणि शेवटी भारताचा संदर्भ घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, अमेरिकी मानकाने भांड्याचे आकारमान ठरवले, भांड्यांच्या आकारांची यादीही दिली. परंतु प्रत्येक भांड्यात किमान किती भरले पाहिजे, हे कोठेच ठरवले नाही. परिणामी तंत्रज्ञानाच्या प्रगतीने जी बँडविड्थ वाचली तिचा लाभ कोणाला मिळावा, हा प्रश्न प्रेक्षकाला न विचारताच सोडवला गेला.

बचतीची जुनी परंपरा

बँडविड्थ वाचवण्याचा उद्योग डिजिटल युगात सुरू झाला असा एक समज आहे. तो बरोबर नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत ५२५ रेषांचे मानक निश्चित झाले तेव्हाच गुंफित रेषांची, म्हणजे इंटरलेस्ड, पद्धत स्वीकारली गेली होती. या पद्धतीत चित्राच्या विषम रेषा आधी आणि सम रेषा नंतर पाठवल्या जातात. सेकंदाला साठ अर्धचित्रे पडद्यावर येतात, म्हणून लुकलुक जाणवत नाही. पण प्रत्यक्षात पूर्ण चित्रे तीसच असतात. साठ पूर्ण चित्रे पाठवण्यासाठी जेवढी बँडविड्थ लागली असती तिच्या सुमारे निम्म्यात काम भागते. भारताने स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीतही पन्नास अर्धचित्रांतून पंचवीस चित्रे मिळत.

ही बचत फुकट नव्हती. वेगाने सरकणाऱ्या वस्तूच्या कडा दातेरी दिसणे, बारीक आडव्या रेघांचे वस्त्र थरथरताना दिसणे, हे तिचे मोल होते. तरीही हा व्यवहार न्याय्य म्हणावा लागेल. कारण त्या वेळी वाचलेली बँडविड्थ एकाच ६ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत अधिक रेषा बसवण्यासाठी वापरली गेली. काही दोष पत्करून प्रेक्षकाला त्या बदल्यात अधिक तपशील मिळाला. बचत चित्रातून झाली आणि चित्राकडेच परत आली. पुढील काळातील बचतींचे मूल्यमापन करताना हा निकष ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मानकाची जडणघडण

जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेने ११२५ रेषांची उच्च स्पष्टतेची पद्धत विकसित केली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिचे प्रात्यक्षिक झाले. चित्राच्या सौंदर्याने अभियंते आणि चित्रपटसृष्टीतील मंडळी प्रभावित झाली. परंतु अमेरिकी प्रक्षेपकांनी या तंत्राचा आग्रह धरला तो १९८७ मध्ये, आणि त्यामागे निराळे कारण होते. दूरचित्रवाणीसाठी राखीव असलेला पण वापरात नसलेला यूएचएफ पट्ट्याचा काही भाग फिरत्या रेडिओ-संपर्क सेवांना देण्याचा विचार संघराज्य दळणवळण आयोग करीत होता. हा पट्टा उद्याच्या उच्च स्पष्टतेच्या चित्रासाठी लागणार आहे, असे सांगून प्रक्षेपकांनी तो आपल्याकडे ठेवण्याचा प्रयत्न केला. उच्च स्पष्टतेचे चित्र हे अमेरिकेत प्रेक्षकाच्या मागणीतून नव्हे, तर स्पेक्ट्रमच्या मालकीच्या वादातून सार्वजनिक चर्चेत आले, ही बाब पुढील साऱ्या घडामोडींची किल्ली आहे.

आयोगाने त्याच वर्षी माजी अध्यक्ष रिचर्ड वायली यांच्या नेतृत्वाखाली सल्लागार समिती नेमली. सुरुवातीचे प्रस्ताव ॲनालॉग स्वरूपाचे होते. १९९० च्या मार्च महिन्यात आयोगाने स्पष्ट केले की, नवे चित्र ६ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीतच बसले पाहिजे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने संपूर्ण डिजिटल पद्धतीचा प्रस्ताव मांडला आणि स्पर्धेची दिशाच बदलली. मे १९९३ मध्ये एटी अँड टी, जनरल इन्स्ट्रुमेंट, एमआयटी, फिलिप्स, सार्नॉफ, थॉमसन आणि झेनिथ या सात प्रतिस्पर्धी संस्थांनी एकत्र येऊन ‘ग्रँड अलायन्स’ स्थापन केली. तिच्या कामातून साकारलेले ए/५३ हे मानक १९९५ मध्ये तयार झाले. चित्राच्या संपीडनासाठी एमपेग-२ आणि प्रक्षेपणासाठी ८-व्हीएसबी ही तंत्रे त्यात घेतली गेली. एका वाहिनीतून सेकंदाला १९.३९ मेगाबिट एवढी माहिती पाठवता येईल, असे ठरले.

हा आकडा किती लहान आहे हे समजण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंचे सेकंदाला तीस चित्रांचे दृश्य, प्रत्येक बिंदूला सरासरी १२ बिट धरल्यास, सेकंदाला सुमारे ७४६ मेगाबिट मागते. ते १९.३९ मध्ये बसवायचे तर जवळजवळ चाळीस बिटांपैकी एकच बिट पुढे पाठवता येतो. उरलेले चित्र आधीच्या आणि नंतरच्या चौकटींवरून गृहसंचाने पुन्हा रचायचे असते. स्थिर बोलणाऱ्या चेहऱ्याच्या बाबतीत हे सहज साधते. पावसाची सर, समुद्राच्या लाटा, मैदानावरचे गवत किंवा छायाचित्रकारांचे चमकणारे दिवे आले की जुन्या चौकटीवरून नव्या चौकटीचा अंदाज बांधता येत नाही. बिट अपुरे पडले की चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते.

तक्ता तिसरा : अठरा स्वरूपांचा समझोता

ए/५३ मानकातील तिसऱ्या तक्त्यात एकूण अठरा चित्रस्वरूपे नोंदलेली होती. १०८० रेषांची तीन, ७२० रेषांची तीन आणि ४८० रेषांची बारा. काही गुंफित, काही सलग. काही १६:९ या गुणोत्तराची, काही जुन्या ४:३ गुणोत्तराची. सेकंदाला चोवीस, तीस किंवा साठ चित्रांची. तक्त्यातील चोवीस चित्रांची नोंद चित्रपटांसाठी होती. चित्रपट मुळात सेकंदाला चोवीस चौकटींचा असल्यामुळे पुनरावृत्त अर्धचित्रे न पाठवता बिट वाचवता येतात. १६:९ हे गुणोत्तरही हिशेबातून आले होते. जुने ४:३ आणि रुंद चित्रपटाचे २.३५:१ यांचा गुणोत्तरी मध्य सुमारे १.७७ येतो. कोणतेही चित्र दाखवताना कमीत कमी पडदा वाया जावा, असा त्यामागचा विचार होता.

हा तक्ता म्हणजे तांत्रिक विवेकापेक्षा हितसंबंधांचा समझोता होता. प्रक्षेपकांना आणि संच-उत्पादकांना गुंफित पद्धत हवी होती, कारण त्यांची सारी यंत्रसामग्री तशी होती. संगणक उद्योगाला केवळ सलग रेषांची, म्हणजे प्रोग्रेसिव्ह, पद्धत मान्य होती. चित्रपट-छायाचित्रकारांच्या संघटनेला १६:९ ऐवजी २:१ हे गुणोत्तर हवे होते. सर्वांचे समाधान करण्याच्या प्रयत्नात यादी लांबत गेली. तरीही एकमत झाले नाही, तेव्हा नोव्हेंबर १९९६ मध्ये तोडगा निघाला तो असा की, चित्रस्वरूपांचा तक्ता शासकीय नियमातून वगळावा. २४ डिसेंबर १९९६ रोजी आयोगाने मानक स्वीकारले ते या तक्त्याशिवाय. संच-उत्पादकांनी व्यवहारात तक्ता पाळला. परंतु कायद्याच्या दृष्टीने चित्राचे स्वरूप परवानाधारकाच्या इच्छेवर सोडले गेले.

आयोगाच्या नियमात चित्रासंबंधी जी अट उरली ती अशी : प्रत्येक केंद्राने किमान एक कार्यक्रम-प्रवाह प्रेक्षकाकडून थेट शुल्क न घेता द्यावा आणि त्याची स्पष्टता जुन्या ॲनालॉग चित्राच्या किमान बरोबरीची असावी. नऊ वर्षांच्या चर्चेचा, चाचण्यांचा आणि स्पर्धेचा विषय उच्च स्पष्टतेचे चित्र हा होता. अंतिम नियमात मात्र उच्च स्पष्टता बंधनकारक नव्हती. ज्या वचनावर दुसरी वाहिनी मागितली गेली होती, ते वचन नियमाच्या भाषेत उतरले नाही, हा या मानकातील सर्वांत गंभीर दोष होय.

स्वरूपांच्या निवडीवरून प्रक्षेपकांत पुढे मोठा वाद झाला. सीबीएस आणि एनबीसी यांनी १०८० गुंफित रेषांचे स्वरूप घेतले. एबीसीने ७२० सलग रेषांचे स्वरूप पसंत केले. फॉक्सने काही वर्षे ४८० सलग रेषांवर काढली आणि २००४ मध्ये ७२० कडे वळली. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. स्थिर दृश्यात १०८० चे तपशील सरस ठरतात; मात्र प्रत्येक साठाव्या क्षणांशात त्यात केवळ ५४० रेषा असतात, म्हणून वेगवान खेळात ७२० सलग रेषा अधिक स्वच्छ दिसतात. बिंदूंची मोजदाद केली तर दोहोंतील अंतर फारसे नाही. पहिल्यात सेकंदाला सुमारे ६ कोटी २२ लाख बिंदू असतात, तर दुसऱ्यात सुमारे ५ कोटी ५३ लाख. तरीही जाहिरातीत आणि दुकानात मोठा आकडा जिंकत गेला. सपाट पडद्यांचे संच मुळातच सलग रेषांचे असल्याने गुंफित चित्र घरातल्या संचाला सोडवून घ्यावे लागते, आणि ते किती चांगले सोडवले जाते हे संचाच्या दर्जावर ठरते, ही गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नव्हते.

या वादाची मर्यादा अशी की, तो सर्वस्वी रेषांभोवती फिरला. चित्राचा दर्जा रेषांइतकाच प्रत्येक बिंदूला मिळणाऱ्या बिटांवर अवलंबून असतो. ध्वनी आणि इतर माहिती वगळून १८ मेगाबिट १०८० च्या चित्राला दिले तर एका बिंदूच्या वाट्याला सुमारे ०.२९ बिट येतो. तेच चित्र १२ मेगाबिटांत बसवले तर हा वाटा सुमारे ०.१९ वर घसरतो. रेषा तेवढ्याच राहतात आणि नावही तेच राहते. सत्त्व मात्र तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेले असते.

१९.३९ मेगाबिटांची वाटणी

दूरसंचार अधिनियम १९९६ नुसार आणि आयोगाच्या एप्रिल १९९७ च्या आदेशाने अस्तित्वातील प्रत्येक पूर्ण शक्तीच्या केंद्राला संक्रमणकाळासाठी ६ मेगाहर्ट्झची दुसरी वाहिनी विनामूल्य मिळाली. त्यानंतर काही महिन्यांतच प्रक्षेपकांच्या वर्तुळातून वेगळा सूर ऐकू येऊ लागला. एका उच्च स्पष्टतेच्या चित्राऐवजी त्याच बिटांत चार-पाच साध्या स्पष्टतेच्या वाहिन्या देता येतील आणि त्यांच्या जाहिराती विकता येतील, असा तो विचार होता. काँग्रेसमध्ये यावर नाराजी व्यक्त झाली. आयोगाने १९९८ मध्ये शुल्क आकारून दिल्या जाणाऱ्या पूरक सेवांच्या ढोबळ उत्पन्नावर पाच टक्के आकार बसवला. परंतु जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत उपवाहिन्या या आकारणीच्या बाहेर राहिल्या.

नोव्हेंबर १९९८ मध्ये काही केंद्रांनी स्वेच्छेने डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. अवकाशवीर जॉन ग्लेन यांच्या दुसऱ्या अवकाशप्रवासाचे उड्डाण त्याच सुमारास उच्च स्पष्टतेत दाखवले गेले आणि नव्या चित्राची सामर्थ्ये लोकांपुढे आली. ॲनालॉग प्रक्षेपण बंद होण्याची मूळ मुदत २००६ ची अखेर ही होती. ती १७ फेब्रुवारी २००९ आणि शेवटी १२ जून २००९ पर्यंत लांबली. या दरम्यान संपीडनाची यंत्रे सुधारत गेली. १९९८ मध्ये ज्या चित्राला जवळजवळ सारी वाहिनी लागे, ते काही वर्षांनी कमी बिटांत तितकेच चांगले बसू लागले. जोडीला आले ते बिटांच्या गतिमान वाटणीचे तंत्र. अनेक प्रवाह एकत्र पाठवताना ज्या क्षणी ज्याला गरज अधिक त्याला बिट अधिक, अशी ती वाटणी होय. या दोन्हींमुळे बँडविड्थ वाचली आणि तिच्या मालकीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

वाचलेल्या बिटांना तीन वाटा होत्या. ते चित्राला परत देता आले असते, ते नव्या उपवाहिन्यांना देता आले असते, किंवा वाहिन्या एकत्र करून स्पेक्ट्रमच रिकामा करता आला असता. प्रत्यक्षात पहिली वाट क्वचितच निवडली गेली. दुसरी वाट मोठ्या प्रमाणावर चोखाळली गेली आणि तिचे मूल्यमापन न्याय्य बुद्धीने केले पाहिजे. सार्वजनिक प्रक्षेपण सेवेच्या केंद्रांनी उपवाहिन्यांवर शैक्षणिक आणि बालकांचे कार्यक्रम दिले. २०१७ पासून पीबीएस किड्स ही चोवीस तासांची बालवाहिनी अशाच उपवाहिन्यांवरून उपलब्ध झाली. आफ्रिकी-अमेरिकी प्रेक्षकांसाठीची ‘बाउन्स’ ही वाहिनी २०११ मध्ये याच मार्गाने घरोघर पोहोचली. केबलचे मासिक शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबासाठी एका सुंदर चित्रापेक्षा चार उपयुक्त वाहिन्या अधिक मोलाच्या असू शकतात. संख्या म्हणजे सवंगपणा आणि स्पष्टता म्हणजे गुणवत्ता, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. मात्र जुन्या मालिकांच्या पुनःप्रक्षेपणाला आणि दीर्घ जाहिरातींना दिलेल्या उपवाहिन्यांबाबत हे समर्थन लागू पडत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरी वाट २०१६-१७ च्या प्रोत्साहन लिलावात दिसली. केंद्रांनी स्पेक्ट्रम परत करावा, त्याचा मोबदला घ्यावा आणि हवे तर दुसऱ्या केंद्राबरोबर एकाच ६ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत राहावे, अशी ती योजना होती. ८४ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम दूरचित्रवाणीकडून काढून घेण्यात आला. लिलावाचे उत्पन्न सुमारे १९.८ अब्ज डॉलर झाले आणि त्यातील सुमारे १० अब्ज डॉलर प्रक्षेपकांना मिळाले. भ्रमणध्वनीसेवेची वाढती गरज लक्षात घेता स्पेक्ट्रमचा हा फेरवापर समर्थनीय आहे. परंतु ज्या सवलतीसाठी प्रक्षेपकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस काहीही मोजले नव्हते, ती सोडण्यासाठी त्यांना सार्वजनिक लिलावातून मोबदला मिळाला, आणि एकत्र राहिलेल्या केंद्रांच्या चित्राला किती बिट उरले याची नोंद प्रेक्षकासमोर आली नाही. २०१७ मध्ये परवानगी मिळालेल्या एटीएससी ३.० या नव्या मानकाच्या संक्रमणातही जुन्या मानकातील अनेक केंद्रांचे प्रवाह एकाच प्रक्षेपकावर एकत्र आणावे लागले. तेथेही हाच प्रश्न नव्या वेषात समोर आला.

ब्रिटनचा दाखला

ब्रिटनमधील अनुभव या चर्चेला वेगळी बाजू देतो. नोव्हेंबर १९९८ मध्ये तेथे ‘ऑनडिजिटल’ ही सशुल्क स्थलीय सेवा सुरू झाली. अधिक वाहिन्या देता याव्यात म्हणून तिने एका मल्टिप्लेक्समधून सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट पाठवणारी पद्धत स्वीकारली. ही पद्धत नाजूक होती. छतावरचा जुना अँटेना किंवा शेजारून गेलेले वाहनही चित्र तोडू शके. पुढे आयटीव्ही डिजिटल या नावाने चाललेली ही सेवा २००२ मध्ये कोसळली. फुटबॉलच्या हक्कांसाठी मोजलेली अवाच्या सवा रक्कम हे त्याचे मोठे कारण असले, तरी खात्रीलायक न पोहोचणारे चित्र हेही एक कारण होते. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ‘फ्रीव्ह्यू’ सुरू झाली तेव्हा बीबीसी आणि तिच्या सहयोगी कंपनीने आपल्या मल्टिप्लेक्सची क्षमता जाणीवपूर्वक सुमारे १८ मेगाबिटांपर्यंत खाली आणली आणि त्या बदल्यात प्रक्षेपण अधिक भक्कम केले. वाहिन्या कमी झाल्या, पण त्या अधिक घरांत नीट दिसू लागल्या. बँडविड्थचा त्यागसुद्धा लोकहिताचा निर्णय असू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्याच देशात २००९ मध्ये बीबीसीच्या उच्च स्पष्टतेच्या उपग्रहवाहिनीचा बिटदर सुमारे १६ मेगाबिटांवरून १० मेगाबिटांच्या आत आणला गेला. नवे संपीडनयंत्र अधिक कार्यक्षम असल्याने दर्जा कायम राहतो, ही संस्थेची भूमिका होती. अनेक जाणत्या प्रेक्षकांनी ती मान्य केली नाही आणि तक्रारी नोंदवल्या. संस्थेचा युक्तिवाद तत्त्वतः चुकीचा नव्हता. बिटदर हा दर्जाचा एकमेव निकष नव्हे. चांगले यंत्र कमी बिटांतही चांगले चित्र देते. परंतु या प्रसंगाचे महत्त्व अन्यत्र आहे. तेथे आकडे चर्चेत आले, प्रश्न विचारले गेले आणि सार्वजनिक संस्थेला उत्तर द्यावे लागले. अमेरिकेतील परवानाधारकांना अशा उत्तरदायित्वाला क्वचितच सामोरे जावे लागले.

भारतीय संदर्भ

भारतातील रचना अमेरिकेहून भिन्न आहे. येथे खाजगी वाहिन्या स्थलीय मार्गाने नव्हे, तर केबल आणि उपग्रहाद्वारे येतात. तरीही प्रस्तुत प्रश्न येथे परका नाही. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर आणि पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत मार्च २०१३ च्या मुदतीनंतर केबलचे डिजिटलीकरण झाले. ग्राहकाला त्याचा लाभ मुख्यतः वाहिन्यांच्या संख्येच्या भाषेत सांगितला गेला. २०१९ मध्ये अमलात आलेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या दररचनेत शंभर साध्या स्पष्टतेच्या वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये, कर वगळून, असा वहनक्षमतेचा आकार होता. त्यात उच्च स्पष्टतेची एक वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरली जाई. २०२४ मध्ये या आकाराची कमाल मर्यादा हटवण्यात आली.

या नियमात बँडविड्थ प्रथमच सामान्य ग्राहकाच्या बिलावर उतरली, ही बाब लक्षणीय आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या चित्राच्या पाचपट असते. बिलावर ते दुप्पट धरले जाई. संपीडनाचा विचार करता ही तडजोड समजण्याजोगी होती. तथापि ग्राहक ज्या क्षमतेचे पैसे देत होता तिच्यातील किती बिट त्याच्या वाहिनीला मिळतात, हे त्या बिलावर दिसत नव्हते. नाव मोजले गेले, आशय मोजला गेला नाही. तिसऱ्या तक्त्याचा दोष येथे वेगळ्या रूपात आढळतो.

डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘फ्री डिश’ झालेल्या सेवेचे उदाहरण याहून बोलके आहे. ती एमपेग-२ वर उभी राहिली. नंतर आलेल्या एमपेग-४ मध्ये तेवढ्याच जागेत अधिक वाहिन्या बसतात; पण जुने संच ते उलगडू शकत नाहीत. म्हणून दोन्ही प्रकारच्या जागा समांतर ठेवाव्या लागल्या. अभियंत्याच्या दृष्टीने ही उधळपट्टी आहे. मासिक शुल्क न देता दूरचित्रवाणी पाहणाऱ्या ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने मात्र ती उधळपट्टी नव्हे, कारण त्यामुळेच त्याचा एकदाच विकत घेतलेला संच निकामी होत नाही. बँडविड्थची कार्यक्षमता आणि लोकहित या दोन गोष्टी नेहमी एका दिशेने जात नाहीत, हे येथे स्पष्ट दिसते.

चित्राच्या गुणोत्तराबाबत भारतीय प्रेक्षकाचे नुकसान अधिक घरगुती आहे. ४:३ चे जुने चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणून दाखवले की प्रत्येक चेहरा तृतीयांशाने रुंद होतो. जुने नाटक, मैफल किंवा कृष्णधवल चित्रपट अशा रीतीने पाहणारा प्रेक्षक मूळ कलाकृती पाहत नसतो. बाजूच्या काळ्या पट्ट्या पडदा वाया घालवतात म्हणून त्या टाळल्या जातात. परंतु संपीडनात काळ्या पट्टीला जवळजवळ काहीच बिट लागत नाहीत. बँडविड्थच्या दृष्टीने पट्टी स्वस्त आहे आणि कलाकृतीच्या दृष्टीने ती प्रामाणिक आहे. ती टाळण्याचे कारण तांत्रिक नसून, रिकामा पडदा म्हणजे तोटा ही समजूत होय.

निष्कर्ष

अमेरिकी डिजिटल मानकाचे अभियांत्रिकी यश निर्विवाद आहे. ६ मेगाहर्ट्झच्या अरुंद वाटेतून पाच-सहापट तपशिलाचे चित्र नेणे ही विसाव्या शतकाच्या अखेरची मोठी कामगिरी होती. या मानकाचे अपयश आहे ते त्याच्या सार्वजनिक बाजूचे. चित्रस्वरूपांच्या वादात सारी शक्ती खर्च झाली आणि बिटांच्या वाटणीचा प्रश्न बाजारावर सोडला गेला. ‘एचडी’ हे नाव रेषांची संख्या सांगते. त्या रेषांत काय भरले आहे याबाबत ते मौन पाळते. गुंफित रेषांच्या काळात झालेली बचत चित्राकडे परत आली होती. डिजिटल काळातील बचत मुख्यतः संख्येकडे आणि लिलावाकडे गेली.

यावरून प्रत्येक वाहिनीला अमुक इतके बिट द्यावेतच, असा कायमचा नियम काढणे योग्य होणार नाही. तंत्रज्ञान बदलते आणि आजचा किमान आकडा उद्या निरर्थक ठरू शकतो. मात्र दोन अपेक्षा रास्त ठरतात. पहिली, सार्वजनिक स्पेक्ट्रम किंवा ग्राहकाच्या पैशाची वहनक्षमता वापरणाऱ्या प्रत्येक सेवेने आपल्या वाहिन्यांचा सरासरी बिटदर, चित्रस्वरूप आणि संपीडनपद्धती नियमितपणे जाहीर करावी. दुसरी, नव्या तंत्रामुळे क्षमता वाचते तेव्हा ती स्पष्टतेला, संख्येला, विश्वासार्हतेला की अन्य सेवेला द्यायची, हा निर्णय परवान्याच्या अटींचा भाग मानून उघडपणे घेतला जावा. फ्रीव्ह्यूने संख्या सोडून विश्वासार्हता घेतली, फ्री डिशने कार्यक्षमता सोडून जुन्या संचांना सांभाळले, पीबीएसच्या केंद्रांनी स्पष्टतेचा काही अंश सोडून मुलांना वाहिनी दिली. या तिन्ही निवडी परस्परांहून भिन्न असल्या तरी त्या प्रत्येकीत प्रेक्षकाचे कोणते हित साधले गेले ते सांगता येते. जी निवड अशा रीतीने सांगता येत नाही, ती तांत्रिक अपरिहार्यतेच्या नावाखाली मान्य करण्याचे कारण उरत नाही.